फितूर साक्षीदार

रायपुरात गुडाखूची डबी टपरीवर सहज मिळते. तंबाखूची पूड आणि काकवी यांचा हा काळपट ओला लगदा बायका बोटानं दातांना, हिरड्यांना घासतात. आपल्याकडची मिश्री मात्र भाजलेली आणि कोरडी. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत छत्तीसगढमधले सुमारे ३९ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, त्यातले बहुतेक न पेटवता. पुढची वाट ठाऊकच आहे: गालात पांढरा चट्टा, बायोप्सी, मग आंबेडकर रुग्णालयातलं कॅन्सर केंद्र.

या कॅन्सरच्या बाबतीत मला बरीच वर्षं कुतूहल आहे ते रक्तातल्या एका एन्झाइमचं. ॲडेनोसिन डिअमिनेज, लॅबवाल्यांच्या तोंडी एडीए. छातीत पाणी झालं की ते क्षयाचं का, हे ठरवायला डॉक्टर त्या पाण्याची हीच तपासणी लिहून देतात. या एन्झाइममुळे ॲडेनोसिनमधून अमोनिया सुटतो, त्यावर रसायन घातलं की निळा रंग चढतो. रंग जितका गडद, तितकं एन्झाइम जास्त. तोंडाच्या कॅन्सरमध्ये प्रतिकारशक्ती किती खचली, हे कळावं म्हणून आपल्या संशोधकांनीही ते मोजलं.

एडीएचा प्रतिकारशक्तीशी संबंध उघड झाला तो मात्र अवचित. एलोईज गिबलेट या सिएटलच्या रक्तपेढीतल्या, रक्तातल्या आनुवंशिक खुणांच्या जाणकार. आल्बनीहून डॉ. हिलेअर म्यूविसन यांनी त्यांच्याकडे एका मुलीचं रक्त धाडलं. मुलीला एकामागून एक जंतुसंसर्ग, अस्थिमज्जा-रोपणाचा विचार चाललेला. खुणा तेवढ्या काढून हव्या होत्या. बाईंनी नमुना स्टार्चच्या जेलवर चालवला, तर एडीएचा पट्टाच उमटेना. आईवडिलांच्या रक्तात तो होता, पण निम्म्याच्या आसपास. दुसऱ्या एका रुग्णातही तीच गत. १९७२ साली 'लॅन्सेट'मध्ये या दोन रुग्णांवरचा लेख आला. एन्झाइमच नसलं की विषारी डीऑक्सीॲडेनोसिन साचतं आणि लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशी मरतात, हा उलगडा पुढे झाला.

मग प्रतिकारशक्ती खचलेल्या कॅन्सरच्या रुग्णात एडीए घटायला हवं ना? सीरममध्ये ते बऱ्याचदा वाढलेलं सापडतं! कारण सीरममधलं एडीए मुख्यतः दुसऱ्या जातीचं, एडीए-२; ते येतं मोनोसाइट आणि मॅक्रोफेज पेशींकडून. लिम्फोसाइटच्या पोटातलं एडीए-१ वेगळं. शिवाय गाठीभोवती ॲडेनोसिन साठतं, ते टी-पेशींना थंड करतं. हा सगळा कारभार गालातल्या काही मिलिमीटरांत चालतो. दंडातून काढलेल्या रक्तानं त्याची साक्ष चोख द्यावी, ही अपेक्षाच मला भाबडी वाटते.

रायपुरात तर हा साक्षीदार हमखास फितूर होणार. छत्तीसगढ सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. या आजारात तांबड्या पेशी फुटतात; त्या फुटल्या की त्यांच्यातलं एडीए सीरममध्ये उतरतं, एलडीएच हे दुसरं एन्झाइमही चढतं, आणि एलडीएचकडेही कॅन्सरचा मार्कर म्हणून बोट दाखवलं जातंच. नमुना नीट न काढल्यामुळे त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. वर क्षय आहे, लिव्हरचे आजार आहेत. रुग्णांसमोर ठणठणीत माणसांचा गट बसवून फरक दाखवणं सोपं. तसे निबंध मी कंटाळा येईपर्यंत वाचलेत. तुलनेला क्षयाचे रुग्ण घ्या, कॅन्सर न झालेले गुडाखूवाले घ्या, आणि तक्त्यात एडीएच्या रकान्याशेजारी प्रत्येकाचा सिकलिंगचा रिपोर्ट छापा.