गोदाकाठचा माल, अलेक्झांड्रियाचा धक्का

शहागडच्या पुलावरून धुळे-सोलापूर महामार्गाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, पैठणला, दोन हजार वर्षांपूर्वी जो माल गाड्यांवर चढायचा, त्याचं गिऱ्हाईक थेट भूमध्य समुद्राकाठी होतं. त्या गिऱ्हाइकाकडे जायचा दरवाजा म्हणजे अलेक्झांड्रिया.

हे शहर अलेक्झांडरने इ.स.पू. 331 मध्ये वसवलं. पुढे किनाऱ्यापासून समोरच्या फारोस बेटापर्यंत बांध घातला गेला आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन बंदरं तयार झाली. बेटावर शंभर मीटरच्या आसपास उंचीचा दीपस्तंभ उभा राहिला. जगाने कौतुक केलं ते त्याचं. खरी करामत मात्र शहराच्या पाठीमागे होती. तिथलं मारेओटिस सरोवर कालव्यांनी नाईल नदीला जोडलेलं होतं. समुद्राच्या बंदरापेक्षा या सरोवराच्या बंदरात जास्त माल येतो, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवलं आहे. पाठीमागे मुलूख नसेल तर बंदर म्हणजे नुसता धक्का!

आपला माल तिथवर जायचा कसा? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ते आहे. गुजरातच्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. पैठणचे गोमेदासारखे दगड, तेरचं जाडंभरडं कापड आणि मलमल, हे सगळं धड रस्ता नसलेल्या मुलुखातून गाड्यांवर लादून भडोचला न्यायचे. पुढे वाऱ्यावर तांबडा समुद्र, उंटांवरून वाळवंट, मग नाईलमधून होडीने अलेक्झांड्रिया. परतीच्या गलबतांतून भडोचला इटलीची दारू, पोवळं, चांदीची नाणी यायची.

हा व्यापार सचोटीचा असला तरी भाबडा नव्हता. केरळच्या मुझिरिसहून गेलेल्या ‘हर्मापोलोन’ जहाजाच्या मालाचा दुसऱ्या शतकातला कागद व्हिएन्नात जपलेला आहे. अलेक्झांड्रियात पोचलेला माल सरकारी वखारीत सावकाराच्या शिक्क्याखाली ठेवायचा, ही त्यातली अट. वर रोमन सरकारची जकात पंचवीस टक्के. मालाची चौथाई सरकारने कापून घ्यायची आणि तरी व्यापाऱ्याला नफा उरायचा. म्हणजे रोममधले भाव काय असतील!

आपल्या जालना जिल्ह्यातही याचा धागा सापडतो. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेईत 1938 साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. तशाच घडणीच्या मूर्तीचा तुटका भाग पुढे भोकरदनच्या उत्खननात मिळाला. पॉम्पेईची मूर्ती कुठे घडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. भोकरदनचं नाव मात्र त्या वादात आदराने घेतलं जातं.

अलेक्झांड्रिया आजही इजिप्तचं मोठं बंदर आहे. तेरला सातवाहनकाळच्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. धाराशिवकडे जाणं झालं तर वाट वाकडी करून ते जरूर पाहा.