फ्रेंच व मराठी भविष्यरूपांचा अनुमानार्थी उपयोग

दारावर थाप पडताच फ्रेंच मनुष्य ‘स सरा ल फाक्तर’ असे म्हणतो. क्रियापद भविष्यकाळाचे; परंतु पत्रे आणणारा इसम त्याच क्षणी दाराशी उभा असतो. येथे काळ नव्हे, वक्त्याचे अनुमान व्यक्त होते. आपले ‘पोस्टमन असेल’ हे तंतोतंत तसेच होय.

मात्र हा उपयोग सर्व धातूंना सारखा मोकळा नाही. ‘तो जेवेल’ यातून चालू जेवणाचा तर्क निघत नाही. त्यासाठी ‘जेवत असेल’ अशी ‘अस’ धातूची जोड द्यावी लागते. गत घटनेसही हीच योजना: ‘त्याची गाडी चुकली असेल’. फ्रेंचमध्येही अनुमानाचा भार मुख्यतः ‘एत्र’ (असणे) व ‘आव्वार’ (जवळ असणे) या दोहोंवरच पडतो. ‘इल ओरा मांके ल त्रँ’ हे वरील मराठी वाक्याचे सख्खे भावंड. स्थितिवाचक धातूतच पुढचा काळ गळून संभव तेवढा उरू शकतो, असे आम्हांस वाटते.

मसुऱ्याकडील मालवणीत याहून सूक्ष्म भेद आहे. ‘तो घरात आसात’ हा नुसता अंदाज. ‘आसतलो’ म्हणणारा प्रमाण मराठीतील ‘असणार’प्रमाणे खात्री देतो. शिवाय ‘आसतलो’चे स्त्रीलिंगी ‘आसतली’ होते, ‘आसात’ मात्र बदलत नाही. दोन्ही रूपे ‘भविष्यकाळ’ या एकाच रकान्यात घालणे व्याकरणाच्या पुस्तकात फारसे खटकत नाही. परंतु साक्षीदाराच्या जबानीत ‘आसात’चे ‘असणार’ झाले, तर त्याने कधीही न दिलेली हमी त्याच्या नावे नोंदली जाते.