चहा बंद नको, पण जेवणासोबत आणि गोळीसोबत टाळा

"डॉक्टर, चहा बंद करू का?" जळगाव-धुळ्याकडे दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो. बहुतेकांना चहा सोडायची गरज नसते. वेळ आणि साखर मात्र सांभाळावी लागते.

चहाचा फायदा होतो का?
चहात पॉलिफेनॉल नावाची उपयुक्त द्रव्ये असतात. ब्रिटनमधील सुमारे ५ लाख लोकांच्या अभ्यासात (२०२२) रोज दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी दिसला. दूध घालून पिणाऱ्यांमध्येही. मात्र तो चहामुळेच कमी झाला, असे यावरून सिद्ध होत नाही.

अडचण कुठे येते?
कापूस वेचणीच्या दिवसांत अनेक बायका सकाळी चहासोबतच भाकरी खाऊन शेतात जातात. भाकरी, डाळ आणि पालेभाजीतल्या लोहाला चहातील टॅनिन धरून ठेवते, त्यामुळे ते कमी प्रमाणात अंगी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याची कारणे अनेक आहेत, पण जेवणासोबतचा चहा त्यात भर घालतो. रक्त कमी असले की थकवा येतो, थकवा घालवायला पुन्हा चहा घेतला जातो. कॅफिनमुळे तेवढ्यापुरती तरतरी येते आणि मूळ आजार झाकला जातो.

काय करावे?
- जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा घेऊ नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचाही हाच सल्ला आहे.
- रक्तवाढीची गोळी पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा-दुधासोबत नको.
- थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्या.
- चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला ३० ग्रॅमहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम. गूळही साखरेतच मोजा.
- गरोदर असाल तर दिवसाला दोन-तीन लहान कप पुरेत.
- कढत चहा थोडा निवू द्या.

चहा घेऊनही थकवा जात नसेल, जिना चढताना धाप लागत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर आणखी एक कप घेण्याऐवजी हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टरांना भेटा.