आवाज तोच, पट्टी भलतीच!

मोबाइलवर गाणं बनवणं हा आता डाव्या हातचा मळ झालाय. पण रेकॉर्ड केलेला आवाज परत ऐकताना भलत्याच कुणाचा वाटायला लागला तर? बॉस, दोष गळ्याचा नाही, आकड्यांचा आहे!

२०१४ साली कुर्ल्याच्या नेझीने ‘आफत’ हा रॅप नेटवर टाकला. रेकॉर्डिंगही आयपॅडवर आणि शूटिंगही आयपॅडवर. ना स्टुडिओ, ना साउंड इंजिनिअर. त्याच वर्षी त्याच्यावर ‘बॉम्बे ७०’ ही डॉक्युमेंटरी आली, २०१९ मध्ये ‘गली बॉय’ आला आणि घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत गल्लोगल्ली म्युझिक प्रोड्यूसर्स तयार झाले! दिवसभर ऑफिस, रात्री बीट्स. सगळा स्टुडिओ खिशात.

या खिशातल्या स्टुडिओची खरी जान म्हणजे प्लगइन्स. मोठ्या अ‍ॅपच्या पोटात चालणारी ही छोटी अ‍ॅप्स. कुणी आवाजाला चर्चचा घुमारा देतं, कुणी तबला वाजवतं, कुणी बेसूर गळा सुरात आणतं. २०१५ मध्ये आयओएस ९ सोबत आयफोन-आयपॅडवर ‘ऑडिओ युनिट’ प्लगइन्सचा रस्ता मोकळा झाला आणि मंडळी खूश. पण त्याच वर्षी एक डोकेदुखीही आली. तिचं नाव सॅम्पल रेट.

फंडा काय आहे?

सिनेमा म्हणजे सेकंदाला २४ फोटो, बरोबर? डिजिटल आवाजाचंही तसंच. फक्त इथे सेकंदाला हजारो ‘फोटो’ घेतात. सेकंदाला किती, तो आकडा म्हणजे सॅम्पल रेट. माणसाच्या कानाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं आणि ते नीट पकडायचं तर त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने लागतात. इथवर सगळं सोपं.

लोचा असा की जगाने एक आकडा ठरवलाच नाही. सीडीने घेतला ४४,१००. तोही काही मुहूर्त बघून नव्हे. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवला जायचा. टीव्हीच्या चित्रातल्या रेघांमध्ये प्रत्येक रेघेवर तीन नमुने बसवले की हिशेब बरोबर ४४,१०० येत असे. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि हा आकडा कायमचा चिकटला. सिनेमा-टीव्हीवाल्यांनी मात्र ४८,००० धरला. आजही गाणी बहुतेक ४४,१०० वर असतात आणि व्हिडिओ ४८,००० वर. आणि मोबाइल? तो दोघांच्या मध्ये सापडलेला.

मनोरीची आजी आणि मयताचं गाणं

ही भानगड खरी समजली ती मनोरीत. मार्वेच्या जेट्टीवरून फेरीबोटीत बसलात की काही मिनिटांत पलीकडे. कोळी आणि ईस्ट इंडियन वस्तीचं हे गाव. ईस्ट इंडियन समाजाने आपल्या जुन्या वस्तू, कपडे, भांडी जपायला इथे ‘मोबाई भवन’ नावाचं छोटंसं संग्रहालयही उभं केलं. वस्तू जपता येतात. गाणी कशी जपणार?

माझा एक मित्र मूळचा इथला. मालाडला आयटीत नोकरी, शनिवार-रविवार म्युझिक. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचं पाणी’ आणायचा रिवाज ईस्ट इंडियनांमध्ये आहे. त्या वेळची गाणी आता गावातल्या मोजक्या बायकांनाच येतात. मित्राने आजीला ओट्यावर बसवलं, फोन समोर ठेवला आणि सहा गाणी रेकॉर्ड केली. मग प्लगइनमधून घुमट वाजवलं, थोडा घुमारा दिला. एकदम सॉलिड काम!

मी गेले होते त्या दिवशी त्याने ती आजीला पहिल्यांदा ऐकवली. तिने दोन ओळी ऐकल्या आणि विचारलं, लग्नाचं गाणं असं मयताला गेल्यासारखं कोण गातंय?

आजीचा कान पक्का होता. फोनचं हार्डवेअर सेकंदाला ४८,००० नमुने देत होतं, पण रेकॉर्डिंग करणाऱ्या प्लगइनने फाइलवर लेबल लावलं ४४,१०० चं. नमुने तेच, पण वाजवताना सावकाश वाजणार. चार मिनिटांचं गाणं ४ मिनिटं २१ सेकंदांचं झालं आणि पट्टी साधारण दीड सेमीटोन खाली गेली. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मधोमध येऊन पडलं. पेटीवर तिथे पट्टीच नाही! मित्राच्या लक्षात आलं नाही, कारण गाताना सोबत पेटीच नव्हती. आवाज थोडा जड वाटला, तर त्याला वाटलं वय झालंय.

आनंदाची बातमी म्हणजे अशा फाइलमध्ये काही हरवलेलं नसतं. लेबल बदलून ४८,००० केलं की आवाज जागेवर. पाच गाण्यांचं तसंच झालं. आजीचा चेहरा बघण्यासारखा होता. सहाव्याचं काय? त्याची मूळ फाइल मित्राने फोनमध्ये जागा करायला उडवली होती, उरलं होतं फक्त घुमट मिसळलेलं गाणं. त्यात आवाज चुकीच्या वेगात, घुमट बरोबर वेगात. एकाला सरळ करावं तर दुसरं वाकडं. आणि त्या गाण्यात आजीसोबत गाणारी शेजारीण आता नाही. पुन्हा रेकॉर्डिंग कुठून करणार?

प्लगइन का चुकतं?

बिचाऱ्या प्लगइनला घड्याळ कळत नाही, त्याला फक्त मोजता येतं. अर्ध्या सेकंदाने प्रतिध्वनी द्यायचा म्हणजे ४४,१०० च्या हिशेबाने २२,०५० नमुने मोजून थांबायचं. मधेच फोन ४८,००० वर गेला आणि प्लगइनला कुणी सांगितलं नाही (किंवा त्याने ऐकलं नाही!), तर तेवढेच नमुने ०.४६ सेकंदात संपतात. प्रतिध्वनी तालाच्या पुढे पळतो. सिंथेसायझर ४४० हर्ट्झचा सूर लावायला जातो आणि ४७९ चा लागतो.

मधेच रेट बदलतो कशाने? हेडफोन लावला-काढला तरी पुरे. २०१५ च्या आयफोन ६एसमध्ये हेच झालं. त्याचा स्पीकर ४८,००० वरच चालायचा. ४४,१०० मागितले की मिळणारच, असं गृहीत धरून लिहिलेली अ‍ॅप्स त्यावर बेसूर झाली. सिस्टीमने स्वतः रूपांतर केलं तरी सुटका नाही. ५१२ नमुन्यांच्या गठ्ठ्याऐवजी कधी ४७०, कधी ४७१ यायचे आणि ठरावीक गठ्ठ्यांची सवय असलेली प्लगइन्स तडतडायची. अँड्रॉइडचे फोनही बहुतेक ४८,००० वाले. अ‍ॅपने दुसरा आकडा मागितला तर सिस्टीम रूपांतर करून देते, पण झटपट आवाजाचा रस्ता हातचा जातो. बोट आत्ता दाबलं, तबला मग वाजला!

आणि ब्लूटूथवाल्यांनो, तुमचं तर विचारूच नका. वायरलेस हेडफोनचा माइक चालू झाला की तो बहुतेक वेळा फोन कॉलच्या मोडमध्ये जातो. तिथे रेट ८,००० किंवा १६,०००. तुमचं गाणं थेट रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखं.

हे एवढं कराच

* प्रोजेक्ट सुरू करण्याआधी रेट ठरवा. व्हिडिओसाठी ४८,०००, नुसत्या गाण्यासाठी ४४,१००. मग मधे बदलू नका.
* हेडफोन, माइक, इंटरफेस जे लावायचं ते अ‍ॅप उघडण्याआधी लावा. मधेच बदललंत तर प्लगइन काढून पुन्हा लोड करा.
* रेकॉर्डिंगला ब्लूटूथ नको. वायरच बरी.
* गाणं सुरू होण्याआधी पेटीचा किंवा तानपुऱ्याचा एक सूर रेकॉर्ड करा. नंतर ट्यूनर लावून तपासा. दीड सेमीटोनचा फरक दिसला की चोर सापडला.
* घड्याळ बघा. चार मिनिटांचं गाणं वीसेक सेकंदांनी लांबलं किंवा आखडलं असेल तर गडबड आहे.
* मूळ फाइल कधीही उडवू नका. फोन भरलाय? सेल्फी उडवा. आजी परत गाईलच असं नाही.