धबधब्याची वाट आणि नवव्या दिवसाचा ताप

पाऊस स्थिरावला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसे वाढतात. एक, लावणीच्या चिखलाने पायाची बोटे कुजलेली. आणि दुसरी, रविवारी धबधब्यावर जाऊन सोमवारी लंगडत आलेली. पहिल्यांना घरी बसा म्हणता येत नाही, शेती केलीच पाहिजे. दुसऱ्यांना ‘जाऊ नका’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण मी स्वतःच त्यातला आहे.

चिपळूणजवळचा सवतसडा, मार्लेश्वरचा धारेश्वर, आंबोलीचा धबधबा हे सर्वांच्या ओळखीचे. तिथे रस्ता आहे, भजी आहेत, माणसे आहेत. मी सांगतो आहे तो धबधबा असा नाही. आमच्याच तालुक्यात, शेवटच्या वाडीपासून दीड तास रानातून चालावे लागते. त्याचे नाव मुद्दामच देत नाही. दिले तर पुढच्या रविवारी पन्नास मोटारसायकली तिथे उभ्या राहतील!

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याहून माझा भाचा चार मित्रांना घेऊन आला. ‘मामा, तुम्ही लहानपणी जायचात तो धबधबा दाखवा,’ असा त्याचा हट्ट. छप्पन्नाव्या वर्षी मलाही हुरूप आला. वाडीतल्या एका गुराख्याला बरोबर घेतले आणि निघालो. आधी भातखाचरांचे बांध, मग ऐन-किंजळीचे दाट रान, वाटेत दोनदा पऱ्या ओलांडायचा, आणि शेवटी कातळावरून कोसळणारे ते पांढरे शुभ्र पाणी. मुले अर्धा तास नुसती बघत राहिली.

भाच्याच्या पायाला तीन जळवा लागल्या होत्या. तो ओढून काढू लागला, तेव्हा मी थांबवले. जळू ओढली की तिचा जबडा कातडीत अडकून जखम चिघळू शकते. नखाची कड कातडीला टेकवून तिचे तोंड हळूच बाजूला सरकवले की ती सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, म्हणून नंतर बराच वेळ रक्त वाहते. घाबरू नये, साबणाने धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. शिवाय शेवाळलेल्या कातळावर पाय घसरून त्याची नडगीही खरचटली. ‘एवढ्याने काय होतंय!’ असे तो म्हणाला आणि मीही म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

परतताना दुसऱ्या पऱ्याशी आलो. आमच्या डोक्यावर चक्क ऊन पडले होते. मुले पाण्यात उतरणार, तोच गुराखी आडवा झाला. ‘डॉक्टर, पानी लाल झालाय. आता उतरू नका.’ सकाळचे नितळ पाणी गढूळ झाले होते, त्यात पालापाचोळा आणि काटक्या येत होत्या. मुलांना घाई. ‘मामा, गुडघाभर तर पाणी आहे!’ पण गुराख्याने ऐकले नाही आणि मी त्याच्या बाजूने उभा राहिलो. वीस मिनिटांत तेच पाणी कमरेच्या वर गेले आणि एक अख्खी फांदी गरगरत आमच्या समोरून निघून गेली. मग कोणी काही बोलले नाही. अडीच तास बसून राहिलो.

हे असे का होते? सह्याद्रीचा कडा उभा, खाली कातळ. घाटमाथ्यावर सर पडली की पाणी मुरायला थांबत नाही, थेट पऱ्याला लागते. खाली ऊन असले तरी वर पाऊस असू शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते असेच अचानक पाणी वाढल्याने. गुडघाभर पाणीसुद्धा वेगात असेल तर धडधाकट माणसाचे पाय उचलते. म्हणून पाण्याचा रंग बदलला, आवाज वाढला, काटक्या येऊ लागल्या, की ताबडतोब उंचावर जायचे आणि पाणी उतरेपर्यंत बसायचे. उशीर झाला तर घरचे रागावतील, एवढेच.

एवढे करून आम्ही सुखरूप परतलो. मुले पुण्याला गेली. माझ्या मते सहल संपली होती.

नवव्या दिवशी भाच्याचा फोन. ‘मामा, थंडी वाजून ताप आलाय, डोकं ठणकतंय, पोटऱ्या तर भयंकर दुखतायत.’ मी काय सांगावे? ‘भिजलास, चाललास, दुसरं काय! पॅरासिटामॉल घे, पडून राहा.’ तीस वर्षे रोग्यांना तपासणारा मी, दवाखान्यात पावसाळी तापाचा प्रत्येक रोगी आला की ‘कुठल्या पाण्यात उतरला होतात?’ असे विचारतो. इथे विचारायचीही गरज नव्हती, मी स्वतः त्याच्याबरोबर होतो! पण घरचा मुलगा म्हटला की डॉक्टरातला मामा पुढे येतो आणि डॉक्टर मागे राहतो.

दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला. ‘अरे दादा, त्याचे डोळे लालभडक झालेत आणि सकाळपासून लघवीला गेला नाही.’ तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. चालून दुखलेल्या पोटऱ्या तीन-चार दिवसांत बऱ्या होतात. नवव्या दिवशी नव्याने दुखू लागत नाहीत. हा लेप्टोस्पायरोसिस होता. तासाभरात त्याला रुग्णालयात दाखल केले. मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. पेनिसिलिनची इंजेक्शने वेळेत सुरू झाली म्हणून डायलिसिसची पाळी आली नाही. आठ दिवसांनी तो घरी आला. आणखी एक दिवस गेला असता तर काय झाले असते, हा विचार मला अजून रात्री जागवतो.

लेप्टोचे जंतू उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून चिखलात आणि पाण्यात येतात. खरचटलेल्या कातडीतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतात. धबधब्याचे वाहते पाणी स्वच्छ दिसते. पण वाटेतल्या खाचरांचा चिखल आणि गुरे बसतात ती डबकी आपण तुडवतच जातो. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो. कधी दोन दिवसांनी, तर कधी महिन्यानेही. तोवर आपण सहल विसरलेलो असतो. थंडीताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे ही खूण. डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे ही धोक्याची घंटा. सुरुवातीला डॉक्सिसायक्लिनच्या साध्या गोळ्यांनी हा रोग बरा होतो. जोखीम असल्यास ती आधीही देतात, पण डॉक्टरांना विचारूनच. गरोदर स्त्रिया व लहान मुलांनी मनाने घेऊ नये. आणि पावसाळी तापात अंगदुखीच्या जोरदार गोळ्या दुकानातून आणून खाऊ नका. त्या मूत्रपिंडांना त्रास देतात, आणि ताप डेंग्यूचा असेल तर रक्तस्राव वाढवतात.

रानवाटेवर आणखी दोन गोष्टी. साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अंगठी, पैंजण काढा, चावलेला हात किंवा पाय फळकुटाला बांधून स्थिर ठेवा आणि माणसाला उचलून न्या. सर्पविषावरची लस सरकारी रुग्णालयात मिळते. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते. मात्र दरीत मोबाईलला रेंज नसते, म्हणून किती जण, कुठे, कधी परतणार हे वाडीत सांगून जा. दुसरे, बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबू नका. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, आणि मदत येईपर्यंत हे चालू ठेवा. कुंडात उडी मारणे टाळा; तळाशी कातळ कुठे आहे ते वरून दिसत नाही.

चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब-मधुमेहवाल्यांनी, आपल्या गोळ्या बरोबर घ्याव्यात आणि मुलांशी चढाओढ करू नये. छातीत दाटले तर तिथेच बसावे. लाजू नये.

मग जायचे की नाही? अवश्य जा. हिरवे रान आणि पडते पाणी यांनी मन जितके हलके होते, तितके माझ्या कपाटातल्या कुठल्या औषधाने होत नाही. फक्त पायांत घट्ट बूट घाला, खरचटले तर लगेच साबणाने धुवा, वाडीतला माणूस बरोबर घ्या आणि तो ‘उतरू नका’ म्हणाला की ऐका.

आणि घरी आल्यावर कॅलेंडरवर त्या तारखेला एक खूण करा. पुढच्या महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा, ‘मी धबधब्यावर गेलो होतो.’ डॉक्टर तुमचा मामा असला तरी सांगा. भाचा यंदा पुन्हा येणार आहे. खूण करायला पेन मी आत्ताच काढून ठेवले आहे.