*बार काढल्यावर बंदूक आधी पाण्याने धुवा, तेल नंतर*



सोयाबीन शेंगा भरायला लागलं आहे आणि रानडुकरं रात्री पेडगाव शिवारात उतरू लागली आहेत. जागल सुरू झाली. ज्यांच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना आहे त्यांची ठासणीची बंदूक पेटीतून बाहेर निघाली असेल. आजचा संदेश मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पण शेवटचा भाग सगळ्यांनी वाचा, कारण तीच चूक आपण पेरणी यंत्राच्या बाबतीत करतो.

मागच्या पावसाळ्यात एक सभासद सांगत होते, "बार काढला की लगेच नळीत तेल सोडलं, फडकं फिरवलं, बंदूक टांगून ठेवली. आठ दिवसांनी बघतो तर आतून लालभडक." पाण्याने धुतली होती का, असं विचारल्यावर म्हणाले, "लोखंडाला पाणी लावायचं व्हय? पाण्यानंच तर गंज येतो!"

बहुतेकांना असंच वाटतं. इथंच गफलत होते.

*गंज नेमका कशाने येतो?*

ठासणीच्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतं. ही दारू जळून पूर्ण धूर होत नाही. निम्म्याहून जास्त वजन राखेच्या रूपात मागे राहतं आणि त्यातलं बरंचसं नळीला चिकटतं. ही राख म्हणजे पोटॅशचे क्षार. ते हवेतलं पाणी ओढून घेतात.

दुसरी गोष्ट टोपीची, म्हणजे केपची. जुन्या पद्धतीच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं. घोडा पडला की ते पेटतं आणि मागे पोटॅशियम क्लोराईड उरतं. नाव अवघड वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. आपण शेतात टाकतो ते म्युरेट ऑफ पोटॅश हेच. म्हणजे प्रत्येक बारामागे चिमूटभर पोटॅश खत नळीत फवारल्यासारखं होतं.

फोडलेली खताची गोणी पावसाळ्यात उघडी ठेवली तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. पाणी सुटतं. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या आसपास गेला की पोटॅशला पाणी सुटायला लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे पहाटे इतका दमटपणा सहज असतो. ते खारं पाणी रात्रभर लोखंड खात बसतं.

👉 *छर्रा न घालता नुसता आवाजाचा बार काढला तरी क्षार राहतातच.* "गोळी कुठं मारली, नुसतं हुसकावलं" म्हणून धुवायचं टाळू नका.

*तेल का चालत नाही?*

घरी करून बघा. एका वाटीत गोडं तेल घ्या, दुसरीत पाणी. दोन्हींत चमचाभर मीठ टाका आणि ढवळा. पाण्यातलं मीठ विरघळेल, तेलातलं तसंच तळाशी राहील. रॉकेल, डिझेल, मशीनचं तेल, सगळ्यांचं तसंच. तेलाने काजळी निघते, फडकं काळं होतं, नळी चकाकते. पण क्षार जागेवरच राहतात आणि तेलाच्या थराखाली गंज चालू राहतो.

ही गोष्ट फौजेला फार आधीपासून माहीत आहे. .३०३ रायफलच्या काळात गोळीबार झाला की जवान नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायचे, मग चिंदी फिरवून कोरडी करायचे आणि शेवटी तेल द्यायचे. तेव्हाच्या काडतुसांच्या टोपीतही हाच क्लोरेट असायचा. गावात जुने माजी सैनिक असतील तर विचारा. बिनगंजाची टोपी १९२० च्या दशकात जर्मनीत निघाली आणि पुढे सगळीकडे पसरली. त्यामुळे आजची बारा बोरची बरीच काडतुसं या बाबतीत बरी आहेत. पण जुन्या साठ्यातली काडतुसं असतील किंवा खात्री नसेल, तर गंज आणणारीच आहेत असं धरून धुवा. पाण्याने धुऊन नीट वाळवलं तर नुकसान काहीच नाही.

*धुण्याआधी ही खात्री करा* ⚠️

१) घोड्याखालची टोपी काढा. बंदुकीचं तोंड माणूस, जनावर, घर यांच्याकडे नको.
२) नळी रिकामी आहे का ते गजाने मोजा. गज आत तळापर्यंत सोडा, तोंडाशी अंगठा धरा, बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. गज निपलच्या जागेपर्यंत पोचला तर नळी रिकामी. चार बोटं कमी पडला तर आत बार भरलेला आहे. तो उकरू नका, गरम पाणीही ओतू नका. परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याला विचारा.
३) दारूचा डबा आणि टोप्या दुसऱ्या खोलीत ठेवा. जवळ चूल, बिडी, दिवा नको. पाणी चुलीवरून आणा, बंदूक चुलीजवळ नेऊ नका. लेकरांना लांब ठेवा.

*धुण्याची पद्धत*

१) *त्याच रात्री धुवा.* सकाळवर ढकलू नका. शेतात गरम पाणी नसेल तर बाटलीतलं साधं पाणी नळीतून काढा, कोरडं फडकं फिरवा आणि घरी आल्यावर पुन्हा नीट धुवा.

२) निपल, म्हणजे टोपी बसते ते छोटं नळकांडं, पान्याने सहज सुटत असेल तर काढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. अडकलं असेल तर जोर करू नका, आटे जातील.

३) लाकडी दस्त्याला कापड गुंडाळा. दीड-दोन लिटर कडक गरम पाण्यात थोडा साबण घाला आणि नरसाळ्याने नळीत ओता. नळी तापते, म्हणून जाड फडक्याने धरा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, गंधकाची राख विरघळते आहे.

४) गजाला सुती चिंदी लावून वर-खाली करा. निपलच्या भोकातून काळं पाणी उडेल. नितळ येईपर्यंत पाणी बदलत राहा. शेवटचं पाणी बिनसाबणाचं आणि कडक गरम घ्या. नळी तापली की पुढचं वाळणं लवकर होतं.

५) घोड्याचा पुढचा भाग आणि निपलभोवतीची जागा ओल्या फडक्याने पुसा. टोपीचे क्षार सगळ्यात जास्त तिथंच उडतात आणि नेमकं तेच पुसायचं राहून जातं.

६) कोरड्या चिंद्या फिरवा. शेवटची चिंदी कोरडी आणि पांढरी निघाली पाहिजे. मग तोंड खाली करून पंधरा-वीस मिनिटं बंदूक उभी करा.

७) *आता तेल.* शिलाई मशीनचं तेल चिंदीवर थोडं घेऊन आत-बाहेर पातळ हात फिरवा. गोडं तेल वापरू नका, ते चिकट होऊन बसतं.

८) दुसऱ्या दिवशी कोरडी चिंदी फिरवून बघा. तांबूस निघाली तर क्षार राहिले आहेत, पुन्हा पाण्यापासून सुरुवात करा.

धुण्याचं भांडं स्वयंपाकाला वापरू नका आणि हात साबणाने धुवा. छऱ्यात शिसं असतं आणि ते पोटात गेलेलं वाईट. पुढच्या वेळी बार भरण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंदीने काढून टाका, नाहीतर दारू ओलसर होऊन बार फुसका जाईल.

*इतकी खटपट कशासाठी?*

गंजाने नळीला आतून खड्डे पडतात. खड्ड्याच्या जागी पत्रा पातळ होतो, बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. अशी नळी एखाद्या बाराला फाटते आणि तेव्हा चालवणाऱ्याचा हात आणि डोळे तिच्याजवळच असतात. नळीत नख अडकेल असे खड्डे असतील, किंवा नळी कुठं फुगल्यासारखी वाटत असेल, तर ती बंदूक चालवू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा.

▪️ निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश येतो. तिथं ती महिना-दीड महिना तशीच पडून राहते. जमा करण्याआधी धुऊन, वाळवून, तेल देऊनच न्या आणि पावती सांभाळा.

▪️ परवाना पीक राखायचा आहे, शिकारीचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारू नका. नुकसान झालं तर फोटो काढून ताबडतोब वनखात्याकडे अर्ज करा.

*आता सगळ्यांसाठी* 🌱

पेरणी यंत्राची, बीबीएफची खतपेटी वर्षभरात का सडते? कारण तेच. पेरणी संपली की आपण पेटी झटकतो, वर ऑइल मारतो आणि यंत्र शेडमध्ये ढकलतो. कोपऱ्यात आणि नळ्यांत राहिलेलं खत पावसाळाभर पाणी ओढतं आणि ऑइलखाली पत्रा खातं. म्हणून पेटी रिकामी करा, भरपूर पाण्याने धुवा, उन्हात कडक वाळवा आणि मगच ऑइल द्या. कंपनीच्या भाडे केंद्रातून यंत्र नेणाऱ्यांनी परत करतानाही एवढं करावं, म्हणजे पुढच्या शेतकऱ्याच्या पेरणीत नळी तुंबणार नाही.

बंदूक असो की खतपेटी, क्रम एकच: *पाणी, वाळवण, तेल.*

हा संदेश ओळखीच्या परवानाधारकांना जरूर पाठवा. काही शंका असेल तर याच नंबरवर आवाजी संदेश करा.

आपलीच,
शेतकरी उत्पादक कंपनी, पेडगाव