हुकूम, हकीम आणि घोड्याचा लगाम

हुकूम, हकीम, हाकीम, हिकमत, हुकमत. मराठीने हे पाचही शब्द केव्हाच पचवले आहेत आणि पाचही अरबीतल्या ह-क-म या एकाच धातूपासून बनले आहेत. इथपर्यंत वाद नाही. घोटाळा सुरू होतो तो 'या शब्दाचा मूळ अर्थ अमुक, म्हणून खरा अर्थही तोच' असे कोणी ठासून सांगू लागले की. अरबी धातूंबद्दल अशी ठाम विधाने फार होतात. त्यांतली काही या एका धातूवर तपासून पाहण्यासारखी आहेत.

गैरसमज : अरबी धातू म्हणजे संस्कृतसारखाच धातू

कृ, गम्, भू हे धातू तोंडाने म्हणता येतात, कारण त्यांच्यात स्वर आहेत. अरबी धातू म्हणताच येत नाही. ती नुसती व्यंजने असतात, बहुधा तीन. त्यांच्यात स्वरांचा ठरावीक साचा भरला की शब्द उभा राहतो. पहिल्या व्यंजनानंतर 'आ' आणि दुसऱ्यानंतर 'इ' आला की करणारा किंवा असणारा : हाकिम, हाजिर, जाहिर. आधी 'म' आणि मध्ये 'ऊ' आला की केले गेलेले : मजकूर म्हणजे उल्लेखलेले, मंजूर म्हणजे पाहिलेले, नजरेखालून गेलेले. तपशील, तहसील, तजवीज ही तिसऱ्या साच्यातली क्रियेची नावे. मराठी माणूस हे साचे रोज वापरतो, फक्त ते साचे आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हकीम आणि हाकीम यांतला फरकही साच्याचाच. हकीम म्हणजे ज्याच्या अंगी शहाणपण मुरले आहे असा, आणि हाकिम म्हणजे निवाडा किंवा राज्य करणारा. मराठी शुद्धलेखनात शेवटून दुसरा इकार दीर्घ होतो, त्यामुळे 'हाकिम'चा 'हाकीम' झाला आणि दोघांत फरक उरला तो एका कान्याचा. स्वरांच्या बाबतीत आपण आणखी एक गंमत केली आहे. अरबी 'हुक्म'मध्ये शेवटी जोडाक्षर आहे, ते फोडून आपण 'हुकूम' केले. उलट अरबी 'हुकूमा'त मूळचा दीर्घ ऊ आहे, तो गाळून 'हुकमत' केले. नव्हता तिथे घातला, होता तिथून काढला.

गैरसमज : ह-क-मचा मूळ अर्थ लगाम

ही गोष्ट इतकी छान आहे की ती खोडायला जिवावर येते. अरबीत 'हकमा' म्हणजे घोड्याच्या जबड्याभोवती येणारा लगामाचा भाग. त्याने जनावर आवरले जाते. म्हणून हुक्म म्हणजे अन्यायाला आवर, हिक्मा म्हणजे अज्ञानाला आवर. हाकीम दुसऱ्यांना आवरतो, हकीम स्वतःला. सगळे कुटुंब एका दोरीत.

ही मांडणी अलीकडे कोणी रचलेली नाही. दहाव्या शतकातल्या इब्न फारिस या कोशकाराने प्रत्येक धातूचे बीज शोधण्यासाठीच एक कोश लिहिला. त्याने ह-क-मला 'रोखणे' हे एकच बीज दिले आणि लगामाचा दाखलाही तिथेच जोडला. उमय्या खलिफांच्या काळातला कवी जरीर याने हे क्रियापद 'आवरणे' या अर्थाने वापरले आहे, आणि कोशकार तो पुरावा म्हणून पुढे करतात. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड विल्यम लेन याने जुने अरबी कोश इंग्रजीत उतरवले. त्याचा कोश १८६३ ते १८९३ या काळात छापला गेला. त्यानेही 'रोखणे' हाच अर्थ अग्रभागी ठेवला. तिथून ही गोष्ट जगभर गेली.

पण अरबी एकटी भाषा नव्हे, तिला बहिणी आहेत. हिब्रूत 'हाखाम' म्हणजे शहाणा, 'होखमा' म्हणजे शहाणपण. अरमाईक आणि युगारितिकमध्येही या तीन व्यंजनांचा अर्थ शहाणपणाचाच. अरबीच्या पुष्कळ आधी मातीच्या विटांवर लिहिल्या गेलेल्या अक्कादीत 'हकामु' म्हणजे जाणणे, समजणे. लगाम मात्र या बहिणींकडे दिसत नाही. म्हणजे 'जाणणे' हा अर्थ जुना, आणि 'आवरणे' हा अरबीने घरी वाढवलेला असण्याचीच शक्यता जास्त. इब्न फारिसकडे अक्कादीच्या विटा नव्हत्या, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आपल्या भाषेतल्या शब्दांना जोडणारे सूत्र शोधले आणि ते सूत्र सुरेखच आहे. पण असे सूत्र म्हणजे इतिहास नव्हे. शब्द लक्षात ठेवायला ते फार उपयोगी पडते, त्यांचा जन्म शोधायला फारसे नाही.

शिवाय प्रत्येक धातू इतका गुणी नसतो. इब्न फारिसलाही कित्येक धातूंना दोन-दोन, तीन-तीन बीजे द्यावी लागली, कारण एका बीजात सगळे शब्द काही केल्या मावेनात.

गैरसमज : हुक्म म्हणजे आज्ञा

मराठीत हो. जुन्या अरबीत हुक्म म्हणजे आधी निवाडा, निर्णय. आज्ञेसाठी तिथे 'अम्र' हा वेगळा शब्द आहे, आणि अमीर, उमराव हे आपले शब्द त्याच्याच घरातले. इस्लामी धर्मशास्त्रात एखादे कृत्य बंधनकारक, इष्ट, मुभा असलेले, नापसंत की निषिद्ध, हे सांगणारे पाच 'अहकाम' असतात. अहकाम हे हुक्मचे अनेकवचन. यांतल्या 'मुभा असलेले'मध्ये आज्ञा कुठे आहे? तो फक्त निर्णय आहे.

इसवी सन ६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईत खलिफा अली आणि त्याचा प्रतिस्पर्धी मुआविया यांचा तंटा लवादाकडे सोपवायचे ठरले. अबू मूसा अल-अशअरी आणि अम्र इब्न अल-आस हे दोन पंच नेमले गेले. पंचाला शब्द होता 'हकम', आणि लवादाला 'तहकीम'. निर्णय देणारा फक्त ईश्वर, माणसे कोण, असे म्हणत अलीच्याच सैन्यातला एक गट बाहेर पडला. तेच खारिजी. एका धातूवरून पंथ फुटला म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण भांडण 'हुक्म' कोणाचा यावरच होते. आज अरब देशांत फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजवणाराही 'हकम'च, आणि न्यायालय म्हणजे 'महकमा'. तोच 'महकमा' हिंदी-उर्दूत सरकारी खाते होऊन बसला.

पत्त्यांतला हुकूम हा या कुटुंबातला सर्वांत आनंदी सदस्य असावा. इराणात 'हुक्म' नावाचा पत्त्यांचा डाव आहे आणि त्यात हुकूम ठरवणाऱ्याला 'हाकिम' म्हणतात. मराठीत हुकूम कोणत्याही रंगाचा असू शकतो. हिंदीत मात्र 'हुकुम' म्हणजे थेट इस्पिक. दोन्हीकडचे खेळाडू एका टेबलावर बसले तर आधी हे मिटवून घ्यावे.

गैरसमज : हकीम म्हणजे वैद्य

वैद्याला अरबी शब्द 'तबीब'. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे नाव त्याच धातूतून येते. हकीम म्हणजे ज्ञानी, तत्त्वज्ञ. पण इब्न सीनासारखे तत्त्वज्ञ वैद्यही होते, त्यामुळे पदवी त्या पेशाला चिकटली. हिकमतचेही असेच. अरबीत ती प्रज्ञा आणि तत्त्वज्ञान, मराठीत युक्ती, डोकेबाजपणा. 'मोठा हिकमती माणूस' या शब्दांत कौतुक असते, पण थोडे सावध कौतुक.

गैरसमज : हे शब्द अरबांनी आणले, आणि सारखे ऐकू येणारे शब्द सख्खे भाऊ असतात

हे शब्द आले ते बहुतांशी फारसीच्या हाताने, बहमनी राज्यापासूनच्या दफ्तरांतून. हिकमत, हुकमत, किंमत यांच्या शेवटचा 'त' ही फारसीची खूण, कारण अरबीत सुटा शब्द उच्चारताना तो 'हिक्मा' असाच ऐकू येतो. वाटेत अरबीचे कंठातले आवाज गळाले, दोन-तीन 'स' एक झाले, आणि मराठीत येईपर्यंत दोन 'क'ही एकच झाले. धातू ओळखायचा तो व्यंजनांवरून, आणि नेमकी तीच वाटेत सांडलेली.

म्हणून हक्क आणि हकीकत हे हुकूमचे नातलग वाटतात, पण नाहीत. त्यांचा 'क' वेगळा, घशात खोलवरून येणारा, आणि धातू ह-क-क. (अरबी कोशांत त्याच धातूखाली हुक्का म्हणजे लहान डबी सापडते, आणि चौथ्या वर्षात पदार्पण केलेला उंटही. प्रत्येक अरबी धातूत कुठेतरी उंट निघतोच, असा या भाषेच्या विद्यार्थ्यांत जुना विनोद आहे.) तब्येत ही तबीबाची नातलग नव्हे. तिचा धातू ठसा उमटवण्याचा, ज्यातून अरबीत छापखान्यालाही नाव मिळाले. महसूल, तहसील आणि 'त्यात काय हशील'मधले हशील हे खरेच एका घरचे, मिळण्या-जमण्याच्या धातूतले. वसूल मात्र परका. तो 'पोहोचणे' या धातूतला : पैसे पोहोचले, वसूल झाले.

अंमलदार, अमीर आणि आमदार यांचे तर तीन वेगळे धातू. अंमल कामाचा, अमीर आज्ञेचा, आणि आमदारातला 'आम' सर्वसाधारणाचा. अरबी कोशात हा 'आम' शोधायला गेलात तर त्याच धातूखाली चुलत्यासाठीचा शब्दही भेटतो.